पत्त्यासकट

न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयात दुर्मिळ कागदपत्रांच्या दालनात पेन नेऊ देत नाहीत. पिशवी बाहेरच्या कपाटात ठेवायची, सोबत कोरे कागद आणि शिसपेन्सिल तेवढी घ्यायची, हव्या असलेल्या खोक्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि खोका येईपर्यंत टेबलाशी स्वस्थ बसून राहायचे, अशी तिथली रीत आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षे त्या राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत राहिलो. माझ्या व्हिसावर मला काम करण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे हाताशी वेळ भरपूर होता, आणि त्यातले कितीतरी दिवस मी त्या टेबलाशी घालवले. मला तिथे नेले ते 'फॅक्टशीट फाइव्ह' या नियतकालिकाने, ज्यात लोकांनी घरच्या घरी काढलेल्या छोट्या अंकांची पत्त्यासकट नोंद असे. त्याच्याविषयी मराठीत सविस्तर लिहायचे, हे तेव्हापासून मनात होते.

पहिल्या दिवशी त्या नियतकालिकाकडे आलेल्या चोपड्यांचा खोका उघडून अगदी वरचे चोपडे उचलले, पानावरून अंगठा फिरवला, आणि एक अक्षरही वाचण्याआधी मला कळले की हे सायक्लोस्टाइल केलेले आहे. साताऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचे टंकलेखनाचे आणि सायक्लोस्टायलिंगचे दुकान होते. टाइपरायटरची रिबन बंद करून मेणाचा लेप दिलेल्या स्टेन्सिलवर बाबा थेट अक्षरे आपटायचे; हात जरा जड पडला की 'ठ'च्या पोटातला गोल कापला जाऊन गळायचा आणि छापताना तिथे शाईचा ठिपका उमटायचा. चूक झाली तर त्यावर गुलाबी औषध लावून, फुंकर घालून वाळवून पुन्हा टंकायचे. गेस्टेटनरच्या यंत्रातून निघणारा कागद खरखरीत असे, कारण शाई पिणारा कागदच त्याला चालतो, आणि ताज्या पानाची शाई वर पडणाऱ्या पुढच्या पानाच्या पाठीला हलकीशी लागत असे. झेरॉक्सची अक्षरे वेगळी असतात. ती कागदाच्या वर बसतात, चकाकतात आणि घडीवर सोलवटून निघतात. त्या खोक्यात दोन्ही प्रकारची चोपडी होती, काही निळसर स्पिरिट छपाईची होती, बहुतेकांच्या टाचण्यांना गंज चढला होता, आणि जवळजवळ प्रत्येकावर कुठेतरी, मुखपृष्ठाच्या आत किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी, कोणाचा तरी पूर्ण पत्ता होता.

अशा चोपड्यांना तिकडे झीन म्हणतात. फायद्याचा हिशेब न करता एखाद्या माणसाने किंवा चार मित्रांनी मिळून स्वतः लिहिलेले, स्वतः छापलेले, स्वतः टाचलेले आणि स्वतःच टपालात टाकलेले नियतकालिक म्हणजे झीन, अशी माझी साधी व्याख्या आहे. हा शब्द 'फॅनझीन'चा उरलेला तुकडा आहे, आणि 'फॅनझीन' हा शब्द १९४० साली लुई रसेल शोवने या अमेरिकन विज्ञानकथाप्रेमीने पहिल्यांदा वापरला. वस्तू मात्र शब्दापेक्षा जुनी आहे, आणि तिच्या जन्माची कथा मला फार आवडते, कारण तीही पत्त्यापासूनच सुरू होते. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे छापताना ती लिहिणाऱ्यांचे पूर्ण पत्तेही छापले. मासिकाला पत्र लिहिणारी माणसे मग थेट एकमेकांनाच पत्रे लिहू लागली, त्यांची मंडळे झाली, आणि १९३० साली शिकागोतल्या एका मंडळाने 'द कॉमेट' नावाचे पत्रक काढले. पहिले फॅनझीन म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. क्लीव्हलँडमधल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी १९३३ साली आपल्या सायक्लोस्टाइल केलेल्या झीनमध्ये 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरले, तेही एका खलनायकासाठी. पुढे जगभर गाजलेला नायक त्याच जोडीने त्याच नावाला नवे रूप देऊन घडवला.

नंतरचा प्रवास थोडक्यात सांगते. १९५९ साली साध्या कागदावर प्रती काढणारे झेरॉक्स यंत्र आले आणि पुढच्या वीस वर्षांत ते कचेऱ्यांतून, शाळांतून, कोपऱ्यावरच्या दुकानांतून पोहोचले. १९७६ साली लंडनमध्ये मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' हे पंक संगीताचे झीन काढले, तेव्हा टाइपरायटर, जाड पेनाने लिहिलेली शीर्षके आणि झेरॉक्स एवढेच त्याचे भांडवल होते. तिथून संगीत, राजकारण, चित्रकथा, कविता, स्वतःच्या नोकरीचे अनुभव, अशा हरेक विषयावर झीन निघू लागली. प्रत्येक झीन आपापल्या गावात, पन्नास-शंभर माणसांत फिरत होते, आणि शेजारच्या गावात तसलेच काही निघते आहे याची कोणालाच खबर नव्हती.

माइक गंडरलॉय यांना ही उणीव प्रथम पत्रलेखनाचा त्रास म्हणून जाणवली. ते मूळचे विज्ञानकथांच्या फॅनझीनवाल्यांपैकी. आपल्याकडे कोणकोणती झीन येतात आणि त्यांत काय आहे, हे प्रत्येक मित्राला वेगळ्या पत्रात पुन्हा पुन्हा लिहून ते कंटाळले, आणि १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या अल्हाम्ब्रा इथे असताना त्यांनी तीच माहिती एका छोट्या पत्रकात घालून सर्वांना पाठवली. नाव घेतले ते ब्रिटिश लेखक जॉन ब्रनर यांच्या 'फॅक्टशीट सिक्स' या कथेवरून, आकडा एकाने कमी करून. पुढे ते न्यूयॉर्क राज्यात रेन्सलिअरला राहायला आले. ऑल्बनीतून डन मेमोरियल पूल ओलांडला की हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर हे छोटे गाव लागते. आमची न्यूयॉर्क शहराला जाणारी रेल्वे तिथूनच सुटायची. त्या गावातल्या एका घराच्या पत्त्यावर अमेरिकाभरातून, आणि बाहेरच्या देशांतूनही, झीन येऊन पडत होती.

त्यांचा नियम सोपा होता. जे येईल त्याची नोंद घ्यायची. पंक संगीताचे असो, अराजकवाद्यांचे असो, कवितेचे असो, उडत्या तबकड्यांचे असो, एखाद्या चिमुकल्या नव्या पंथाचे असो, किंवा स्वतः गंडरलॉय यांना अजिबात न पटणाऱ्या राजकारणाचे असो, पाकीट आले की ते वाचून त्यावर दोन-चार वाक्ये लिहायची. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटींनाही तिथे जागा होती. नोंदीत नाव, आत काय आहे आणि ते कोणाला आवडेल याचा अंदाज, आणि मग पत्ता, किंमत, आकार, पानांची संख्या, एवढे असे. अनेक संपादक पैशांऐवजी अदलाबदल पसंत करत: तुम्ही तुमचे झीन पाठवा, मी माझे पाठवतो. काही जण फक्त टपालाची तिकिटे मागत, तर काहींना स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवले की पुरत असे. ही शेवटची अट वाचताना मला आपल्या दिवाळी अंकांची आठवण झाली. नापसंत लिखाण परत हवे असल्यास पुरेसे तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडावे, ही ओळ वाचतच माझ्या पिढीतली लिहिणारी माणसे वाढली.

'फॅक्टशीट फाइव्ह'चा अंक दिसायला आकर्षक म्हणता येणार नाही. मुखपृष्ठ उलटले की बारीक टायपातले स्तंभच्या स्तंभ सुरू होतात, आणि वाचताना बोट ठेवावे लागते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एकेक अंक शंभरावर पानांचा झाला होता आणि त्यातल्या नोंदी हजाराच्या आसपास पोहोचल्या होत्या. मी पहिला अंक चाळायला घेतला तेव्हा तासाभरात माझे कागद भरले. काय उतरवून घेत होते, तर पत्ते. ज्या माणसांशी माझा काडीचा संबंध नव्हता, जी त्या पत्त्यावरून केव्हाच दुसरीकडे गेली असतील, त्यांचे पत्ते मी पेन्सिलीने लिहून काढत होते, कारण त्या नोंदी वाचल्यावर पाकीट पाठवावेसेच वाटते.

गंडरलॉय यांच्यावर एक आक्षेप असा घेतला जाई की ही परीक्षणे नव्हेत, ही नुसती यादी आहे. सगळ्यांना जागा देणारा संपादक कशाचेच मूल्यमापन करत नाही. मला हा आक्षेप मान्य नाही. निवड करणारी नियतकालिके जगात पुष्कळ असतात. चांगले-वाईट ठरवण्याआधी मुळात काय काय निघते आहे हे कोणीतरी पाहावे लागते, आणि ते पाहण्यासाठी रोज येणारी पाकिटे फोडून, अगदी कच्चे लिखाणही शेवटपर्यंत वाचून, त्याचा पत्ता अचूक उतरवून छापावा लागतो. पत्त्यातला एक आकडा चुकला तर वाचकाने पाठवलेला डॉलर कायमचा गेला. ज्याने आपले पहिले चोपडे वीस प्रतींत काढले आहे, त्याला परीक्षकाचे मत मिळण्यापेक्षा अनोळखी गावातून आलेले एक पाकीट मिळणे जास्त मोलाचे असते, हे त्या संपादकाला पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच तो प्रत्येक नोंदीत वाचकाला थेट त्या माणसाच्या दारात नेऊन सोडत होता. संपादन म्हणतात ते याहून वेगळे काय असते, हे मला कोणी सांगावे.

नोंदींच्या क्रमाविषयीही मला बोलायचे आहे. गंडरलॉय यांच्या काळात मुख्य परीक्षणे झीनच्या नावांच्या वर्णानुक्रमाने येत, त्यामुळे एका पानावर संगीत, शेजारी तुरुंगातल्या कैद्यांची पत्रे, खाली कोणाच्या तरी आजीच्या आठवणी, अशी शेजारसोबत आपोआप जुळून येई. पुढच्या संपादकांनी विषयवार विभाग पाडले. वाचकाला हवे ते चटकन सापडावे हा हेतू चांगला होता आणि त्याचा उपयोगही झाला असणार, पण मी दोन्ही काळांतले अंक शेजारी ठेवून वाचले आहेत, आणि मला जुनाच क्रम अधिक आवडतो. विभाग पाडले की माणूस आपल्या विभागाकडे वळतो आणि बाकीची पाने उलटून जातो. वर्णानुक्रमात मी काय शोधत होते ते सापडण्याआधी, ज्यांचा मी कधी विचारही केला नव्हता अशी दहा माणसे वाटेत भेटायची.

एका माणसाने हे किती वर्षे करावे? १९९१ साली, ४४व्या अंकानंतर, गंडरलॉय थांबले. ते पुरते थकले होते. रोजचे टपाल, त्याचे वाचन, त्याची उत्तरे, वर्गणीदार, छपाई, पाकिटे भरणे, यातून त्यांना स्वतःचे म्हणून आयुष्य उरले नव्हते. खोक्यांतल्या चोपड्यांची दाटी पाहिली की हे समजायला वेगळ्या पुराव्याची गरज पडत नाही. त्यांनी अदलाबदलीत जमलेला सगळा संग्रह, सुमारे दहा हजार झीन, नदीपलीकडच्या या राज्य ग्रंथालयाला दिला. कोणी मोठ्या विद्यापीठाने शोधून काढलेला खजिना म्हणून तो तिथे आलेला नाही. नऊ वर्षे ज्याच्या घरी टपाल येत होते त्याने ते सांभाळून ठेवले आणि जाताना जवळच्या ग्रंथालयात नेऊन पोहोचवले, म्हणून मला ते पाहता आले.

नियतकालिक त्यानंतरही चालले. हडसन ल्यूस यांनी एक अंक काढला, आणि मग सॅन फ्रान्सिस्कोहून आर. सेथ फ्रीडमन यांनी ते पुन्हा उभे केले. त्यांच्या काळात मुखपृष्ठ देखणे झाले, अंक मोठ्या दुकानांत दिसू लागला आणि खप १६,०००च्या घरात गेला. १९९१च्या सुमारास ऑलिम्पिया आणि वॉशिंग्टन डी.सी. या शहरांतून 'रायट गर्ल' या पंक संगीतातल्या स्त्रीवादी चळवळीच्या नावाने तरुण मुलींची झीन निघू लागली होती, वर्तमानपत्रांना या जगाचा नव्याने शोध लागला होता, आणि फ्रीडमन यांच्या टेबलावर पाकिटांचा ढीग आणखी उंच झाला असणार. १९९८ साली ६४वा अंक निघाला आणि तो शेवटचा ठरला. तोवर संगणकाच्या जाळ्यावर स्वतःचे पान काढणे टपालखर्चापेक्षा स्वस्त पडू लागले होते. कॅनडात टोरांटोहून १९९५ साली सुरू झालेल्या 'ब्रोकन पेन्सिल'ने झीन आणि स्वतंत्र कलांची दखल घेण्याचे हे काम जवळजवळ तीस वर्षे केले, 'कॅनझीन' नावाची जत्राही भरवली, आणि २०२४ साली तेही थांबले.

ज्या १९८२ साली गंडरलॉय यांनी पहिले पत्रक काढले, त्याच साली आपल्याकडे 'सत्यकथा' हे प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिक बंद पडले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे उघड आहे, तरीही ग्रंथालयातल्या टेबलाशी बसून हे लक्षात आले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. आपल्या लघुअनियतकालिकांचा, म्हणजे तरुण लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांचा इतिहास बराचसा 'सत्यकथे'च्या विरोधात उभे राहण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५४ साली 'शब्द' काढले ते सायक्लोस्टाइल करूनच. मग अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांची 'येरू', 'आत्ता' आणि 'विद्रोह', चंद्रकांत खोत यांचे 'अबकडई', भालचंद्र नेमाडे आणि चंद्रकांत पाटील यांचे 'वाचा', आणि १९६९ साली या तरुणांनी केलेली 'सत्यकथे'च्या अंकाची होळी. हे सगळे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. पण ही नावे आपल्याला माहीत आहेत ती मुख्यतः ती काढणारी माणसे पुढे मोठी झाली म्हणून, किंवा त्यांच्या मित्रांनी आठवणी लिहिल्या म्हणून. ज्यांनी दोनच अंक काढले, जे पुढे शिक्षक झाले, बँकेत लागले, शेतीत रमले, ज्यांच्यावर कोणी लेख लिहिला नाही, त्यांच्या अंकांचे काय झाले? आल्या पाकिटाची नोंद घेणारा, किंमत आणि पत्ता छापणारा एक थकून जाईपर्यंत काम करणारा माणूस आपल्याला लाभला असता, तर बार्शी, कराड किंवा अमळनेर इथल्या त्या चोपड्यांचा माग आज काढता आला असता. बंडखोरीची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. नोंदींची आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

अलीकडे मुंबईत 'बॉम्बे अंडरग्राउंड'च्या मंडळींनी भरवलेल्या झीन महोत्सवात तरुण मुले एका कागदाला घड्या घालून केलेली आठ पानी चोपडी मांडून बसतात, हे फार आनंदाचे आहे. पण त्यांतल्या कित्येकांवर पत्ता म्हणून फक्त इन्स्टाग्रामवरचे टोपणनाव असते. उद्या ते खाते बंद झाले तर ते चोपडे कुठून आले हे कळायला मार्ग राहणार नाही. मी ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांना शेवटच्या पानावर निदान गाव आणि साल लिहा असे सांगितले.

भारतात परतल्यावर मी साताऱ्याला गेले तेव्हा बाबांना या खोक्यांविषयी सांगितले. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. झेरॉक्स आली, मग संगणक आला, आणि गेस्टेटनरचे यंत्र भंगारात गेले. बाबा सगळे ऐकून घेत होते. मग ते उठले आणि माळ्यावरून त्यांनी दुकानाच्या नोंदवह्या काढायला लावल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या सात वह्या निघाल्या. प्रत्येक कामाची एक ओळ होती: तारीख, गिऱ्हाइकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, स्टेन्सिल किती, प्रती किती, इसार किती मिळाला. शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, लग्नाच्या याद्या, नाट्यस्पर्धेची पत्रके यांच्या मधूनच बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते, 'कवितांचे पत्रक, १२ स्टेन्सिल, २०० प्रती, ५ रुपये येणे.' काही पानांनंतर पुन्हा तेच गिऱ्हाईक होते, या वेळी १६ स्टेन्सिल. "पोरगा चांगला होता, कागद स्वतः आणायचा," एवढेच बाबा म्हणाले.

अशा नोंदी मी एका वेगळ्या वहीत उतरवून काढल्या. त्या २६ भरल्या. प्रत्येक पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकले. पत्ते चाळीस वर्षांपूर्वीचे असल्यामुळे बरीच कार्डे परत आली, काहींचे काहीच कळले नाही, आणि चार उत्तरे आली. तिघांनी आपल्याकडे एकही प्रत उरली नसल्याचे कळवले. चौथे पाकीट कोरेगाव तालुक्यातून आले. फुलस्केप कागद मधोमध दुमडून केलेले ते चोपडे आहे, २४ पाने शाबूत आहेत, दोन टाचण्यांपैकी एक गंजून तुटली आहे. 'ठ'च्या पोटात शाईचा ठिपका आहे. मुखपृष्ठ फाटून गेले आहे, त्यामुळे नाव कळत नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी किंमत ५० पैसे अशी आहे, आणि तिच्याखाली पत्ता आहे, पूर्ण.